आडवाट कुणाची?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक अंकात माझा एक लेख आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या महाविद्यालयाची सहल भंडारदऱ्याला गेली होती, तिचे ते वर्णन. बऱ्याच जणांना तो आवडला. मराठीच्या सरांनी त्यातले दोन परिच्छेद वर्गात वाचून दाखवले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे माझे छापील नाव पाहून वडिलांनी तो अंक कित्येक दिवस देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. वडिलांना वाचता येत नाही. पण नाव कुठे आहे ते मी बोटाने दाखवले, आणि पुढे आल्यागेल्याला ते स्वतः त्याच जागी बोट ठेवून दाखवू लागले.

त्या लेखात मी एक गोष्ट लपवली होती. ती आज सांगायची आहे, आणि तिच्यामुळे माझे जे मत बनले तेही मांडायचे आहे. कुणाला ते पटणार नाही. पण या अंकाची पाने आपलीच आहेत, तेव्हा इथे नाही तर कुठे बोलायचे?

सहलीची आपली गाडी धरणाच्या पाण्याकडेने घाटघरच्या बाजूला जात होती. सगळे गाणी म्हणत होते. एका वळणावर डाव्या हाताला एक कच्चा फाटा फुटतो. त्या फाट्याने अडीच किलोमीटर आत गेले की एक वाडी लागते. उंबरे अडतीस. त्या वाडीत माझी सख्खी मावशी राहते. लहानपणी दर मे महिन्याला मी तिथे असायची. गाडी त्या फाट्यावरून पुढे गेली, शेजारची मैत्रीण म्हणाली, "काय गं निसर्गरम्य आहे इथे! इथे कोण राहत असेल?" आणि मी म्हणाले, "हो ना."

एवढेच. "इथे माझी मावशी राहते" हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. का निघाले नाहीत, ते मला तेव्हा कळले नव्हते असेही नाही. मावशीचे घर कुडाचे आहे, मावशी अनवाणी असते, आणि आम्ही महादेव कोळी तिथूनच पोटासाठी खाली उतरलेले. वर्गात मी खालची, उसाच्या पट्ट्यातली म्हणून ओळखली जाते. ती ओळख मला सोयीची वाटत होती. असो.

यंदा, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, मावशीकडे बारसे होते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचे. बहीण माझ्यापेक्षा फक्त चार महिन्यांनी मोठी. बाळ जुलैत झाले, पण पावसात पाहुणे वाडीपर्यंत येणार कसे, म्हणून बारसे दोन महिने पुढे ढकलले होते. शनिवारी सकाळी आई आणि मी निघालो. अकोले, राजूर, शेंडी अशा गाड्या बदलत गेलो. शेंडीहून जीप मिळाली. तिच्यात आम्ही सोळा माणसे, दोन कोंबड्या आणि एक पिठाचे पोते. फाट्यावर उतरून पुढे पायी.

भाद्रपद उतरणीला लागला होता. भाताला लोंब्या आल्या होत्या. खुरासणीची पिवळी फुले उतारावर, सोनकीची पिवळी फुले कड्यावर. मध्येच ढग उतरला की सगळे पुसले जायचे आणि नुसता ओढ्याचा आवाज राहायचा. हे सारे सुंदर आहे, हे मी आजही म्हणते. सौंदर्याला नाही म्हणण्यासाठी हा लेख नाही.

पण त्या ओढ्याशी आलो आणि आईने लुगडे वर खोचले. कारण तिथे मोरी नाही. म्हणजे होती. २०२२ च्या जुलैत ती वाहून गेली. तिच्या नळ्यांपैकी दोन अजून ओढ्यात पडून आहेत, एकीत खेकडे राहतात. वाडीच्या माणसांनी दोन ओंडके टाकून साकव केला आहे. बाया, पोरे त्यावरून जातात. जनावरे आणि ओझेवाले पाण्यातून. चाकाचे वाहन पावसाळ्यात अजिबात नाही.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, मी विचारले की मोरी गेली कशी. काका शाळेत गेले नाहीत, पण या विषयावर त्यांनी मला जे सांगितले ते कुठल्याही तासाला शोभले असते. ते म्हणाले, "डोंगरातला रस्ता डांबरावर टिकत न्हाई, पोरी. पाण्यावर टिकतो." डोंगराच्या अंगाला चर लागते. वरून येणारे पाणी त्या चरीत पडले पाहिजे आणि चरीतून मोरीकडे आले पाहिजे. चर गाळाने भरली की पाणी रस्त्यावरून वाहते आणि दरीकडचा काठ खात सुटते. मोरीची नळी बारीक घातली तर पहिल्याच मोठ्या पावसात पाला, फांद्या, धोंडे अडकून ती तुंबते. मग पाणी वरून चढते आणि खालच्या अंगाने माती उकरत जाते. नळी तशीच राहते, तिच्याखालचा मुरूम जातो आणि मग नळी कोसळते. घाटघरच्या आसपास वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्या पावसाला खालच्या मापाची मोरी कशी पुरेल? "घालायला आला व्हता त्यो उन्हाळ्यात आला. त्याला वाटलं, हितं कुठाय पानी!" काका हसले. तो कंत्राटदार कोण, कुठला, हे मी लिहीत नाही. माझा मुद्दा एका माणसाविषयी नाही.

याच वाटेवरचा पहिला मुरूम काकांच्या वडिलांनी टाकला आहे. १९७२ चा दुष्काळ आपण पुस्तकात वाचतो. रोजगार हमी योजना त्या काळात उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, वि. स. पागे यांचे नाव आपण परीक्षेत लिहितो. पण त्या योजनेवर डोंगरात कुणी तरी पहारीने खडक फोडला, तो माणूस माझ्या बहिणीचा आजोबा होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तेव्हा मृगाआधी सगळी वाडी मिळून चर साफ करायची. रस्ता 'वरून' मिळू लागला तशी ती चाल मोडली. ही चूक आमच्या माणसांचीही आहे आणि काका ती कबूल करतात.

आता बहिणीकडे वळते.

आम्ही दोघी २०२२ मध्ये दहावी झालो. तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते. मराठीत तर ती माझ्या पुष्कळच पुढे. तिने राजूरला अकरावीला नाव घातले, मी आमच्या गावाजवळ. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव लागले नाही, म्हणून रोजचे जाणे-येणे ठरले. तेव्हा पहाटेची एक जीप वाडीपर्यंत येत असे आणि संध्याकाळी वाडीपर्यंत सोडत असे. महिना गेला आणि मोरी वाहिली. जीप फाट्यावर थांबू लागली. फाट्यापासून वाडी अडीच किलोमीटर, मध्ये ओढा आणि रान, आणि संध्याकाळी सातचा काळोख. पहिले पंधरा दिवस काका आणायला गेले. पुढे आवणी आली. आवणीच्या दिवसांत घरातला एक माणूस रोज दोन तास रिकामा कुठून आणायचा? एकदा ओढ्याला पाणी चढले म्हणून ती फाट्यावरच्या चहाच्या टपरीत रात्रभर बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. कुणी तिला "शिकू नकोस" म्हटले नाही. नुसते जाणे बंद झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात, अठरा पुरी झाल्यावर, तिचे लग्न झाले.

माझ्या घरापासून डांबरी सडक हाकेच्या अंतरावर आहे. गाडी चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी. मी आज द्वितीय वर्षाला आहे यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि त्या सडकेचा किती, हा हिशेब मी बारशाच्या रात्री पहिल्यांदा मांडला. तो माझ्या बाजूने सुटेना.

बाळाची गोष्ट तर आणखी वेगळी. पहिले बाळंतपण म्हणून ती माहेरी होती. जुलैतला रविवार. पहाटे कळा सुरू झाल्या. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी तिला साकवावरून फाट्यापर्यंत नेले. तिथे जीप तयार होती. पण रविवार म्हणजे धबधबे पाहायला येणाऱ्यांचा दिवस. अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या अडकलेल्या. पुढेही जाता येईना, मागेही नाही. दीड तास जीप जागच्या जागी. बाळ जीपमध्येच झाले. मावशी होती, वाडीतली एक जाणती बाई होती, म्हणून निभावले. आणि हेही लिहिलेच पाहिजे, की अडकलेल्यांपैकी एका गाडीतल्या बाई धावत आल्या, त्यांनी स्वच्छ टॉवेल दिले, गरम पाण्याची बाटली दिली, अंगावरची शाल काढून बाळाला गुंडाळली. त्यांच्या नवऱ्याने आणि इतर तरुणांनी पावसात उभे राहून एकेक गाडी मागे घ्यायला लावली. त्या कोण, कुठल्या, कुणाला ठाऊक नाही. ती शाल पाळण्यात अंथरलेली मी पाहिली.

तेव्हा येणारी माणसे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. आपणही तशीच आलेली माणसे होतो.

रविवारी मावसभाऊ म्हणाला, "चल, तुला फिरवून आणतो." त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही धरणाच्या पाण्याला वळसा घातला. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, आणि परत. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिलो तेव्हा खाली ठाणे जिल्हा ढगात होता. तिथे वर एक आणि खाली चोंढ्याला एक अशी दोन धरणे आहेत. वरचे पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. साम्रदहून करोली घाटाची जुनी वाट कोकणात देहण्याकडे उतरते. मावशीच्या आजीचे माहेर खाली कोकणात होते. ती बाई डोक्यावर तांदूळ घेऊन या वाटेने उतरायची आणि मीठ, सुके मासे घेऊन चढायची. तिच्या दृष्टीने तोच हमरस्ता. रतनवाडीला अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मानले जाणारे देऊळ पाहिले. मागे रतनगड, आणि त्याच्याच पायथ्याच्या डोंगरात प्रवरेचा उगम.

प्रवरेचे नाव निघाले म्हणून सांगते. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. त्यात साधारण ११ हजार दशलक्ष घनफूट पाणी साठते. ते पाणी कालव्यांनी खाली जाते, तिथे ऊस पिकतो, आणि त्या उसाच्या मागे मजुरीला माझे आईवडील डोंगर उतरून आले. म्हणजे मावशीच्या दारात पडणाऱ्या पावसावर माझी फी भरली गेली. मावशीच्या वाडीत मात्र चैत्र लागला की झऱ्याला वाटीने पाणी भरावे लागते. पाणी खाली आले, वीज बाहेर गेली, आणि पाणी-वीज नेण्यासाठी जे रस्ते झाले तेच पुढे पाहुण्यांचे झाले. वाडीचा फाटा कुणाच्याच वाटेवर नव्हता, म्हणून तो राहिला.

हे सगळे मी मोठ्या आवेशात भावाला सांगत होते. त्याने गाडी थांबवली आणि मला गप्प केले. तो म्हणाला, "तुला रस्ता नको आसंल तर हितून घरी चालत जा. मी हिवाळ्यात सांदण दरीत लोकं घेऊन जातो. मे-जूनला काजवे बघायला येतात, तवा तंबू लावतो, पिठलं-भाकरी घालतो. त्याच पैशावर ताईचं लगीन झालं. आलेल्या लोकांना नावं ठेवून तू कुणाचं भलं करणार?"

मला उत्तर सुचले नाही. भाऊ बारावी झाला आहे, पण मुंबईला गेला नाही. वाडीत राहून पोट भरतो, ते या येणाऱ्यांमुळेच. त्याचे म्हणणे मला इथे मांडायलाच हवे होते, नाही तर माझे मत एकतर्फी ठरले असते.

पण थोड्या वेळाने तोच बोलू लागला. काजव्यांच्या दिवसांत सादडा, हिरडा, बेहडा यांची झाडे लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली खूण. गाड्यांचे दिवे त्यावर पडले की खूण बुजते. काजवे कमी झाले तर लोक येणार नाहीत. म्हणजे लोक फार आले तर लोक येणेच बंद होईल, हे त्यालाही दिसते. "गाड्या शेंडीलाच थांबल्या आन् आमच्या जीपनं माणसं आत आली, तर आमाला भाडं, काजव्याला अंधार, आन् रस्ता मोकळा," तो म्हणाला. मला वाटते, सभागृहात चर्चासत्र भरवूनही याहून शहाणे काही निघणार नाही. फक्त हे त्याला कुणी विचारलेले नाही.

माझे मत आता थोडक्यात सांगते. डोंगरात रस्ता नको, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याच्या दारात गाडी येते त्याने दुसऱ्याच्या पायवाटेचे कौतुक करू नये. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी कुणाचा रस्ता? ज्या ठिकाणी उभे राहून दरी चांगली दिसते तिथे कठडे होतात, फरशा बसतात, पाट्या लागतात. जिथून पोरी शाळेला जातात तिथली मोरी तीन वर्षे वाहून गेलेली राहते. पहिली गोष्ट वाईट नाही. दुसरीच्या आधी झाली, हे वाईट आहे.

यामागे नियमही आहेत. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० मध्ये आली. तिने सपाटीवर ५०० लोकवस्तीची आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्याने जोडायची ठरवली. त्या योजनेने देशात पुष्कळ भले केले. पण अडतीस उंबऱ्यांना पाचाने गुणा. एकशे नव्वद. वाडी हिशेबाबाहेर पडली. आणखी बारा घरे असती तर ती हिशेबात आली असती. आमच्या डोंगरात माणसे सपाटीसारखी एका जागी राहूच शकत नाहीत, कारण भाताची खाचरे जिथे पाणी तिथेच होतात. मग वस्ती विखुरलेली राहणार, हे उघड आहे. माणसे मोजून रस्ता द्यायचा ही रीत जिथे माणसे दाट राहतात तिथे सुचलेली असावी. रस्ता नसल्यामुळे कोण कशाला मुकते, हे मोजायची रीत अजून कुणी काढलेली दिसत नाही.

आणि दुसरा दोष आपला, लिहिणाऱ्यांचा. आपल्या अंकाचे जुने गठ्ठे मी ग्रंथालयात बसून चाळले. दरवर्षी एक तरी सहलीचा लेख आहे आणि बहुतेक लेखांत 'आडवाट' हा शब्द आहे. 'आडवाटेवरचे सौंदर्य', 'आडवाटेने जाताना'. माझ्या लेखात तो तीनदा होता. आडवाट म्हणजे आड पडलेली वाट. पण कुणाच्या आड? मावशीच्या घरून पाहिले तर ती एकच वाट आहे. तिच्यावरूनच तिचे लग्न आले, तिच्यावरूनच रेशन येते, तिच्यावरूनच झोळी गेली. याच डोंगराने राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांपासून लपवले होते. इथल्या वाटा परक्याला ठाऊक नसणे हेच तेव्हा त्यांचे बळ होते. पुढे २ मे १८४८ रोजी ठाण्याला त्यांना फाशी झाली. तेव्हा ज्या वाटांनी माणूस वाचत होता, त्याच वाटा आता माणसाला अडवतात, आणि आपण त्यांचे छायाचित्र काढतो.

बारशाच्या रात्री, पाहुणे निजल्यावर, मी बहिणीला माझा गेल्या वर्षीचा लेख दाखवला. अंक मुद्दाम पिशवीतून नेला होता. मनात थोडा तोरा होता, खोटे कशाला बोलू? बाळ मांडीवर घेऊन तिने तो पडवीतल्या दिव्याखाली वाचला. हळूहळू, एकेक ओळ. दोन ठिकाणी तिने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या. मग अंक मिटून म्हणाली, "लई छान लिवलंयस. धबधबा हाय, ढग हायेत, फुलं हायेत. पन हितं मानसं न्हाईत का गं?"

तिला मी लपवल्याचे सांगितले. फाट्यावरून गाडी गेल्याचे, "हो ना" म्हटल्याचे. ती रागावली नाही. "आले आस्तीस तर एवढ्या पोरांना च्या कशात दिला आस्ता? कप धाच हायेत," म्हणाली आणि हसली. मला मात्र रडू आले.

मित्रमैत्रिणींनो, आणि गुरुजनांनो, लेख लांबला. पण नुसते रडून लेख संपवू नये म्हणून तीन सूचना करते.

पहिली. पुढच्या सहलीला आपण पाहुणे म्हणून जावे. आपल्या वर्गांत निदान वीस-पंचवीस जण तरी डोंगरातल्या वाड्यांचे आहेत, मला ते ठाऊक आहेत, कारण तेही माझ्यासारखेच गप्प असतात. त्यांच्या गावी, त्यांना विचारून, थोड्या संख्येने, शनिवार-रविवार टाळून जावे. जेवणाचे पैसे ज्यांच्या घरी जेवू त्यांना द्यावेत. कप कमी पडले तर आपले न्यावेत.

दुसरी. राष्ट्रीय सेवा योजनेचे एक शिबिर वाड्यांच्या फाट्यांसाठी घ्यावे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक फाट्याचा नकाशा करावा. मोरी कुठे आहे, कुठे नाही, चर बुजली आहे का, कितव्या महिन्यापर्यंत चाक जाते, शाळेला जाणारी मुले किती. मृगाआधी एक दिवस त्या गावकऱ्यांबरोबर चर साफ करावी. कामही होईल आणि काकांसारख्या माणसांकडून चार गोष्टी शिकताही येतील.

तिसरी. हे नकाशे ग्रामसभेपुढे ठेवावेत. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार दिले आहेत, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. आपण राज्यशास्त्राच्या पेपरात हे लिहून गुण मिळवतो. वाडीतल्या माणसाला ठराव कसा लिहायचा एवढे जरी आपण सांगितले तरी त्या गुणांचे काही चीज होईल.

सूचना करून मोकळे होणे सोपे असते, म्हणून आम्ही दोघींनी काय केले तेही सांगते. त्याच रात्री मोरीसाठी ग्रामसभेपुढे ठेवायचा अर्ज तयार केला. मुद्दे काकांचे. नळीचे माप त्यांनी हात पसरून दाखवले, मी ते फुटांत केले. लिहिला मात्र बहिणीने, कारण तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे आणि भाषाही. खाली अडतीस घरांच्या सह्या-अंगठे रविवारी दिवसभरात झाले. मोरी होईल का, मला माहीत नाही. अर्ज पोचल्याची पोच मात्र तिने मागून घेतली आहे आणि जपून ठेवली आहे.

निघताना तिने मला हळूच विचारले, "सतरा नंबरचा फॉरम भरून बारावीला बसता येतं म्हनं. खरं हाय का?" खरे आहे. फॉर्मची चौकशी मी केली आहे, पुस्तके माझी आहेतच. पुढच्या वेळी जाईन तेव्हा घेऊन जाईन.

परतताना फाट्यावर जीपची वाट पाहत उभ्या होतो. एक मोठी गाडी थांबली, आतल्या मुलीने काच खाली करून विचारले, "इथे आत काही बघण्यासारखं आहे का हो?"

मी म्हणाले, "आत माझी मावशी राहते."